हॉलमधल्या टीव्हीसाठी स्वस्तातला पीसी: घरच्या फायली आणि आतल्या खोलीतले गेम, दोन्ही एकाच डबीवर

शिरीषफूल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

हॉलमध्ये ५५ इंची ४के टीव्ही आहे. आतल्या खोलीत गेमिंगचा पीसी आहे, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. शिवाय ४ टीबीची एक हार्ड डिस्क आहे आणि आईबाबांचा सगळा जीव तिच्यात आहे: व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली घरची लग्नं-मुंजी, बाबांच्या कॉलनीतल्या गणेशोत्सवातल्या एकांकिका, आणि मी माझ्या ब्लू-रे डिस्कवरून काढून ठेवलेले चित्रपट. डिस्क टीव्हीच्या यूएसबीला लावली की अर्ध्याच फायली नीट चालतात. काहींचं चित्र दिसतं पण आवाज येत नाही, काही तर यादीतच दिसत नाहीत.

टीव्हीखाली कायम राहील असा छोटा पीसी करायचा आहे. घरच्या फायली न अडखळता लागाव्यात, आतल्या पीसीवरचे गेम सोफ्यावर बसून खेळता यावेत आणि आईला तो कीबोर्डशिवाय वापरता यावा. बजेट २० हजार, केबल आणि रिमोट धरून. गेमपॅड घरात आहे.

५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला एएमडीचा प्रोसेसर) घेऊन नवीन जोडणी करायचा हिशेब मांडून पाहिला. बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय धरले की रक्कम हाताबाहेर जाते. आता एन१०० (इंटेलचा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर) वाला नवा मिनी पीसी की ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड मिनी, इथे अडकलो आहे. ज्यांनी घरी असं काही चालवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ग्रँटरोड_स्लो

शिरीष, गेम आतल्या पीसीवर चालणार असतील तर टीव्हीखालच्या डबीचं काम फक्त व्हिडिओ उलगडून दाखवण्याचं. त्यासाठी ताकदवान प्रोसेसर लागत नाही. लागतो तो योग्य पिढीचा डिकोडर, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारा चिपमधला भाग. पैसे देण्याआधी सगळ्यात जास्त लक्ष इथे दे.

इंटेलच्या सातव्या पिढीपासून एचईव्हीसी आणि व्हीपी९ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या दोन्ही पद्धतींचे १०-बिट (जास्त रंगछटांचे) प्रकार चिपमध्येच उलगडतात. सहाव्या पिढीत एचईव्हीसीचं फक्त ८-बिट पूर्णपणे चिपवर होतं. त्यामुळे ४के ब्लू-रेवरून काढलेली १०-बिट फाईल लावली की सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडकतं. दुकानात दोन्ही मशीन शेजारी ठेवलेली असतात, दोन्हींवर 'आय५' लिहिलेलं असतं आणि फरक हजार-दोन हजारांचा असतो. सहावी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी या कामासाठी घेऊ नकोस. आठव्या पिढीतला व्हिडिओचा भाग जवळपास सातव्यासारखाच आहे, पण आय५ मध्ये चाराचे सहा कोअर मिळतात आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. म्हणून माझं मत आय५-८५००टी ला. शेवटचा 'टी' म्हणजे ३५ वॅटचा प्रोसेसर, छोट्या डबीत थंड राहणारा.

मॉडेल म्हणशील तर डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी आणि एचपीचा मिनी. कंपन्यांचं लीज संपलं की हे लॉटमध्ये बाहेर पडतात. लॅमिंग्टन रोडला ८५००टी, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असा डबा मला १४ हजारांच्या आत बिलासह मिळाला. रॅमचे भाव हलते असतात, त्यामुळे दोन-तीन दुकानं फिरून विचार.

दुकानातून उचलण्याआधी तिथेच चालू करून बघ. बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड असेल तर तो काढून दिल्याशिवाय घेऊ नकोस, कंपनीतून आलेल्या मशीनना हे कुलूप बऱ्याचदा राहिलेलं असतं. अ‍ॅडॅप्टर त्याच कंपनीचा हवा. डेलला अ‍ॅडॅप्टर ओळखता आला नाही तर ते प्रोसेसरचा वेग पाडतं. रॅम ८ ची एक पट्टी असण्यापेक्षा ४ च्या दोन बऱ्या, कारण इथे ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. वाय-फायचा अँटेना आहे का तेही बघ. अनेक डब्यांत कार्डच नसतं.

कावेरी_पुणे

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, पण एक मोठी गोष्ट राहिली: एचडीएमआयचं भोक.

या ऑफिसच्या डब्यांवरचा एचडीएमआय बहुतेक वेळा १.४ असतो. त्यातून ४के जास्तीत जास्त ३० हर्ट्‌झवर जातं. म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं). चित्रपट २४ फ्रेमचा असल्यामुळे तो यातूनही व्यवस्थित दिसतो, म्हणून पहिले काही दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. पण माउस हलवला, यादी सरकवली किंवा गेम लावला की झटके जाणवतात. उपाय डब्यावरच आहे. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून ४के ६० हर्ट्‌झ निघतं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० असा अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टर घ्यायचा. पॅसिव्ह (आत रूपांतराची चिप नसलेला) घेतला तर परत ३० वरच अडकाल. 'अ‍ॅक्टिव्ह' आणि '४के ६०' हे दोन्ही शब्द खोक्यावर असलेलाच घ्या.

टीव्हीच्या बाजूनेही एक काम असतं. ज्या एचडीएमआयला डबी लावाल त्या पोर्टची सेटिंग बऱ्याच टीव्हींवर मुद्दाम 'एन्हान्स्ड' करावी लागते, नाहीतर टीव्ही पूर्ण बँडविड्थ घेतच नाही.

मी_सोलापूरची

एक साधी शंका. एवढं करण्यापेक्षा टीव्हीला लावायची एखादी स्टिक का नको? ती तीन-चार हजारांत येते.

शिरीषफूल

ताई, स्टिक आधीच आहे आणि ती राहणार आहे. पण माझ्या बऱ्याच फायलींत आवाज डीटीएस प्रकारचा आहे आणि अनेक टीव्ही तो वाजवत नाहीत. आवाज न येण्याचं कारण तेच निघालं. शिवाय बाबांच्या कॅसेटच्या फायली जुन्या एमपीईजी-२ आणि डीव्ही प्रकारातल्या आहेत. व्हीएलसी किंवा कोडी हे पीसीवरचे प्लेयर त्या सहज चालवतात, टीव्हीचा स्वतःचा प्लेयर तोंड फिरवतो.

ग्रँटरोड_स्लो

स्टिक राहू देच. हे मी आग्रहाने सांगतो, कारण या एका मुद्द्यावर लोक स्वस्त पीसीवर नाराज होतात. ओटीटीची ४के प्रत पीसीवर मिळवणं फार कटकटीचं आहे. लिनक्सच्या ब्राउझरला वाईडवाईन या कॉपी-संरक्षणाची सगळ्यात खालची एल३ पातळीच मिळते, त्यामुळे बरेच ओटीटी चित्राचा दर्जा कमी करून पाठवतात. विंडोजवरही योग्य ब्राउझर किंवा अ‍ॅप, एचडीसीपी २.२ (केबलवरचं कॉपी-संरक्षण) आणि बाकी सगळी साखळी जुळावी लागते. तीच ४के प्रत टीव्हीच्या अ‍ॅपवर एक बटण दाबून येते. तेव्हा वर्गणीचं सगळं टीव्हीवर किंवा स्टिकवर आणि स्वतःच्या फायली आणि गेम डबीवर. अशी विभागणी केली की २० हजार पुरतात. सगळं एकाच डबीने करावं असा हट्ट धरला की तीसही पुरत नाहीत.

अंबाझरी

एन१०० ची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

एन१०० हा २०२३ चा प्रोसेसर आहे, ६ वॅटचा, आणि त्यात एव्ही१ या नव्या व्हिडिओ पद्धतीचा डिकोडर आहे. आठव्या पिढीत तो नाही. यूट्यूबवर एव्ही१ वाढत चाललं आहे, पुढच्या पाच वर्षांचा विचार केला तर ही लहान गोष्ट नाही. एचडीएमआय थेट ४के ६० देतो, म्हणजे अ‍ॅडॅप्टरचा खटाटोप नाही. आणि एचडीआर, म्हणजे जास्त उजेडाचं, जास्त रंगांचं चित्र: माझा टीव्ही एचडीआर दाखवतो आणि कोडीतून एचडीआर१० थेट टीव्हीपर्यंत न्यायचं तर नव्या चिपवर हे फार सोपं जातं. जुन्या डब्यात डिस्प्लेपोर्ट, अ‍ॅडॅप्टर आणि टीव्ही या तिघांचं जमलं तरच ते होतं, नाहीतर कोडी एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर करून दाखवतं. ते वाईट नसतं, पण तो उजेड येत नाही. भर म्हणजे नवीन वस्तू, वॉरंटी.

ग्रँटरोड_स्लो

अंबाझरी, एचडीआरचा मुद्दा मान्य. ज्याच्याकडे चांगला एचडीआर टीव्ही आणि ४के डिस्कचा संग्रह आहे त्याने एन१०० घ्यावा, यात दुमत नाही. एव्ही१ चं मात्र एवढं ओझं वाटून घेऊ नका. यूट्यूब ४के व्हीपी९ मध्येही देतं आणि ते आठव्या पिढीवर लोण्यासारखं चालतं. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करण्याची एक्सटेंशन मिळतात.

आणि स्वस्त एन१०० घेताना रॅम बघा. याला एकच मेमरी चॅनल असतो, आणि काही डब्यांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, वाढवता येत नाही. कुठल्यातरी अनोळखी नावाच्या डब्यापेक्षा आठव्या पिढीचा अनुभवी डबा मला अजूनही जास्त भरवशाचा वाटतो. त्याचा पंखा, पॉवर सप्लाय, एसएसडी सगळं सुटं मिळतं, आणि बायोसचे अपडेट मोठ्या कंपनीच्या साईटवर अजून पडून आहेत.

देवगड_हापूस

रास्पबेरी पाय ५ हा एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर चालेल का? मित्राकडे पडून आहे.

कावेरी_पुणे

चालेल, पण मर्यादा माहीत असू दे. पाय ५ वर एचईव्हीसी चिपवर उलगडतं, ४के ६० पर्यंत. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ पद्धतीसाठी मात्र त्यात हार्डवेअर डिकोडर नाही, ते काम प्रोसेसर करतो. १०८०पी ला त्याला काही वाटत नाही. एव्ही१ नाही. फुकट मिळत असेल तर लिब्रइलेक (फक्त कोडी चालवणारी छोटी सिस्टीम) टाकून आनंदाने वापर, विकत घ्यायचा असेल तर केस, पॉवर, कूलर आणि कार्ड धरून किंमत मिनी पीसीच्या जवळ येते.

रात्रपाळी

गेमबद्दल कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून जरा लांब लिहितो. हा माझा रोजचा विषय आहे.

आतल्या पीसीवर गेमचं चित्र पाठवणारं सनशाइन, टीव्हीखालच्या डबीवर ते दाखवणारं मूनलाइट. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि पैसे लागत नाहीत. मूनलाइट मुळात एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीम या गेम पाठवण्याच्या सोयीसाठी लिहिलं गेलं होतं. एनव्हिडियाने २०२३ मध्ये ती सोय गुंडाळायला घेतली आणि तेव्हापासून सनशाइन हाच यजमान झाला. तो एएमडी आणि इंटेलवरही चालतो. ३०६० मधला एनव्हीएन्क (व्हिडिओ दाबून बनवणारा भाग) एचईव्हीसी उत्तम बनवतो. ३०६० एव्ही१ बनवू शकत नाही, म्हणून या कामासाठी डबीवर एव्ही१ असण्या-नसण्याने काही बिघडत नाही.

जोडणी अशी होते: मूनलाइट चार आकडी पिन दाखवतं, तो आतल्या पीसीच्या ब्राउझरमध्ये सनशाइनच्या पानावर (लोकलहोस्ट, पोर्ट ४७९९०) टाकायचा. संपलं. मॉनिटर बंद असेल तर विंडोजला स्क्रीनच दिसत नाही आणि काळं चित्र येतं. तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या मागे एचडीएमआयचा डमी प्लग (स्क्रीन जोडल्याचा भास देणारा) लावायचा, काहीशे रुपयांत येतो.

आता खरा मुद्दा, तार. ६० फ्रेमच्या गेममध्ये प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्यात ती बनवायची, दाबायची, पाठवायची, उलगडायची. तारेवरून जाण्याला घरात एखादा मिलिसेकंद लागतो आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच लागतो. वाय-फायवर सरासरी चांगली दिसते, पण मधूनच एखादी फ्रेम उशिरा येते, आणि क्रिकेट किंवा रेसिंगमध्ये नेमका तोच क्षण हातून जातो. आपल्या घरांतल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती ५ गिगाहर्ट्‌झला फार अडवतात. त्यामुळे बजेटमधले हजार-दीड हजार आधी तारेसाठी बाजूला काढ आणि मग उरलेल्यात डबी घे. हे मी मनापासून सांगतो, आय७ घेऊन वाय-फायवर खेळणाऱ्यापेक्षा साध्या डबीवर तारेने खेळणारा सुखी असतो.

कॅट ६ नेटवर्क केबल घे, पूर्ण तांब्याची. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त केबल मिळते, ती नको. वायरमनकडून क्रिम्पिंग (टोकाला प्लग बसवणं) झालं की लगेच लिंकचा वेग बघ. आठपैकी एक तार जरी नीट बसली नसेल तरी जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते. इंटरनेट चालू राहतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही, पण ४के ६० चा प्रवाह ८० एमबीपीएसच्या आसपास ठेवला की तिथे गुदमरतो. १०८०पी ला २० एमबीपीएस पुरतात. कन्सील पाइपमध्ये जागा नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी टाक, पण विजेच्या वायरींपासून जरा अंतर ठेव.

टीव्हीवर गेम मोड चालू कर. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला जो वेळ घेतो तो इतर सगळ्या विलंबांपेक्षा जास्त असू शकतो. मूनलाइट चालू असताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की आकडे दिसतात: नेटवर्कचा विलंब, डिकोडचा वेळ, गळलेल्या फ्रेम. काही खटकलं तर अंदाज करत बसू नकोस, तिथे बघ.

चंद्रभागा

रात्रपाळी दादा, हे वाचनखूण करून ठेवलं. मला वेगळा पीसी नाही. डबीवरच गेम चालवायचे झाले तर?

रात्रपाळी

मग मिनी सोडून त्याच घराण्यातला एसएफएफ (मिनीपेक्षा मोठ्या) आकाराचा डबा घ्यावा लागेल, त्यात लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसतं. पॉवर सप्लाय छोटा आणि कंपनीच्या खास आकाराचा असतो, म्हणून वेगळी वायर न मागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड हवं. जीटीएक्स १६५० लो-प्रोफाइल मिळाली तर उत्तम. आरएक्स ६४०० बद्दल सावध करतो: ती पीसीआयई ४.० (कार्ड बोर्डाला जोडणारी वाट) च्या चारच लेनवर चालते, या जुन्या बोर्डांवर ३.० असल्याने वेग घटतो. तिच्यात व्हिडिओ बनवणारा एन्कोडरच नाही, त्यामुळे पुढे तिच्यावरून दुसरीकडे गेम पाठवायचा म्हटलं तर अडचण. इंटेल आर्क ए३१० व्हिडिओला देखणी आहे, पण तिला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि आठव्या पिढीच्या ऑफिस बोर्डांत तो सहसा नसतो.

जुने, हलके गेम आणि रेट्रो एम्युलेटर हे ८५००टी मधल्या यूएचडी ६३० ग्राफिक्सवरही छान चालतात.

शिरीषफूल

मंडळी, खूप आभार. ८५००टी वाला मायक्रो घेतला, ग्रँटरोड दादांनी सांगितलेलं सगळं दुकानातच तपासून. अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टर लावला, ४के ६० मिळतंय. हॉलपर्यंत कॅट ६ ओढली. सगळं मिळून १८ हजारांच्या थोडं खाली बसलं.

आता सिस्टीम कोणती टाकू? आणि आईच्या रिमोटचं काय?

कावेरी_पुणे

फक्त फायली बघायच्या असत्या तर डोळे मिटून लिब्रइलेक म्हटलं असतं. चालू केलं की थेट कोडी, बाकी काही नाही. तुला मूनलाइटही हवं, म्हणून लिनक्स मिंट टाक आणि फ्लॅटहब या लिनक्सच्या सॉफ्टवेअर-संग्रहावरून कोडी आणि मूनलाइट दोन्ही घे. इंटेलचा मीडिया ड्रायव्हर बसवला की टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो ही डिकोडरची यादी देणारी आज्ञा चालव, यादीत 'एचईव्हीसी मेन१०' दिसलं म्हणजे डिकोडर जागा आहे. विंडोज १० चा विचार करू नकोस, त्याचं अधिकृत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं.

कोडीत एक सेटिंग जरूर बदल: प्लेयरमध्ये 'डिस्प्लेचा रिफ्रेश रेट जुळवा' हे चालू कर. २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्‌झवर दाखवताना काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दाखवाव्या लागतात, त्यामुळे कॅमेरा संथ फिरतो तेव्हा चित्र थरथरतं. सेटिंग केल्यावर टीव्ही स्वतः २४ वर जातो. एकदा हे पाहिलं की परत मागे जाववत नाही.

आईसाठी: पीसीच्या ग्राफिक्समधून सीईसी (एचडीएमआयमधून रिमोटचे आदेश नेणारी सोय) येत नाही, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने कोडी आपोआप हलणार नाही. पल्स-एट कंपनीचा यूएसबी-सीईसी अ‍ॅडॅप्टर हा नीटनेटका उपाय, पण महाग. स्वस्तात यूएसबी रिसीव्हरवाला एअर माउस रिमोट, बाण आणि ओके. फोनवर कोरे हे कोडीचं अधिकृत अ‍ॅपही आहे. माझ्या सासूबाई तेच वापरतात, त्यांना फोनवर पोस्टर बघून निवडणं आवडतं.

मराठी सबटायटल लावणार असशील तर फाईल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये साठवलेली हवी आणि कोडीला देवनागरी असलेला फॉन्ट द्यावा लागतो. नोटो सान्स देवनागरी टाक, जोडाक्षरं नीट येतात. घरच्या एकांकिकांना पात्रांची नावं आणि वर्ष सबटायटलमध्ये घालून ठेवलीस तर पुढच्या पिढीला ती माणसं ओळखता येतील. आम्ही आजोबांच्या चित्रणांना ते केलं आहे. आजी होती तोवर विचारून घेतलं.

मी_सोलापूरची

कावेरी, ही शेवटची गोष्ट किती छान. मी आजच वडिलांना विचारायला बसते.

आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. असा डबा चोवीस तास चालू ठेवला तर बिल आणि बिघाड दोन्हींची भीती वाटते.

अंबाझरी

ताई, बिलाची भीती नको. रिकामा असताना असा डबा साधारण १० वॅट घेतो असं धरा, म्हणजे महिन्याला सव्वासात युनिट. मोठा डेस्कटॉप ६० वॅटवर तसाच सोडला तर त्रेचाळीस होतील. विजेसाठी राउटर आणि डबी दोन्ही एका छोट्या यूपीएसवर घ्या. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' अशी सेटिंग असते ती लावा, म्हणजे घरी कुणी नसताना वीज गेली तरी डबी उठून बसते. हार्ड डिस्क मात्र एकच ठेवू नका. कॅसेटचे मूळ व्हिडिओ परत मिळणार नाहीत, दुसरी प्रत दुसऱ्या घरात असू द्या.

शिरीषफूल

दुसरी प्रत भावाकडे नाशिकला ठेवतोय. त्याला तिथून आमच्या डबीवरचं बघता येईल का?

ग्रँटरोड_स्लो

येईल. डबीवर जेलीफिन टाक, हे घरचे व्हिडिओ नेटवरून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. ८५००टी मधलं क्विक सिंक (व्हिडिओ बनवणारा-उलगडणारा भाग) भावाच्या नेटला झेपेल इतका छोटा प्रवाह जागच्या जागी बनवून देतं, आणि जेलीफिन यासाठी पैसे मागत नाही. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले सीजीनॅटमागे (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) ठेवतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. दोन्हीकडे टेलस्केल (दोन घरांतली मशीन खाजगीत जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, म्हणजे राउटरला हातही लावावा लागणार नाही. तुझ्या कनेक्शनचा अपलोडचा वेग बघून जेलीफिनमध्ये बाहेरच्या प्रवाहाची मर्यादा लाव. ८ एमबीपीएसला १०८०पी छान दिसतं.